पँटच्या खिशातला मोबाईल आणि स्पर्म काउंट

सातारकर:
लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सगळ्या तपासण्या आधी बायकोच्याच झाल्या, माझी परवा झाली, काउंट आला एका मिलिलिटरला ११ मिलियन शुक्राणू, १६ च्या वर लागतो म्हणे. फिरतीचं काम, फोन दिवसभर पुढच्या खिशात, दुपारी काढला की मांडीला चटका बसल्यासारखं होतं. स्वित्झर्लंडचा २०२३ चा अभ्यास वाचला, सैन्यभरतीला आलेले २८८६ तरुण, दिवसात २० पेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांचा काउंट ४४.५ मिलियन आणि आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांचा ५६.५. माझं ठाम मत झालंय, हे रेडिएशनमुळेच.

लॅबवाला:
दादा, त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की फोन खिशात ठेवा नाहीतर बॅगेत, फरक दिसला नाही. जो फरक होता तो २००५-०७ च्या सुमारास जास्त, थ्रीजी फोरजी आल्यावर कमी होत गेला. आणि ४४ सुद्धा १६ च्या कितीतरी वर आहे. तुमचे ११ फोनच्या माथी मारून मोकळे होऊ नका. एका रिपोर्टवर काही ठरत नाही, मध्ये ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडतो, शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले त्यातलेही ५ टक्के बाप १६ च्या खालीच असतात.

मीनल:
पण २००९ मध्ये क्लीव्हलँडला नमुन्याजवळ तासभर चालू फोन ठेवला तर शुक्राणूंची हालचाल मंदावली, त्याचं काय? वृषणं शरीराबाहेर असतात तीच गारवा लागतो म्हणून. फोन बॅगेत टाकायला पैसे पडतात का?

लॅबवाला:
ताई, तो नमुना भांड्यात होता, अंगात नाही. बॅगेत टाका, माझी ना नाही. पण मोबाईलचं नाव निघालं की पुरुष तिथेच थांबतो आणि व्हेरिकोसीलची, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगल्यात का याची, तपासणी राहून जाते, याचा मला खरंच राग येतो. उभं करून हाताने तपासलं तरी बऱ्याचदा कळतं, ऑपरेशनने पुष्कळांचा काउंट सुधारतो. सातारकर, तंबाखू आहे का?

मीनल:
हे मात्र पटलं. बाईच्या वर्ष-वर्ष सोनोग्राफ्या आणि याचा एक कप द्यायला चार वर्षं.

सातारकर:
यूरोलॉजिस्टची सोमवारची वेळ घेतली. फोन आजपासून बॅगेत, ते मी सोडणार नाही. तंबाखू आहे, दिवसाला दोन पुड्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बायको शेजारी बसलेली, नाही म्हणालो होतो.