मदत हवी आहे: गरम झाला की बंद पडणारा कब कॅडेट १२४, इंजिन उघडू की नको?

पार्किंगमधला_ट्रॅक्टर

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. अर्धवट माहिती दिली की दहा उलटे प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

माझ्या आत्याच्या यजमानांची, म्हणजे आमच्या दादांची, सासवडच्या पुढे अंजिराची बाग होती. बागेत एक बुटका, पिवळा-पांढरा ट्रॅक्टर होता. मोठा ट्रॅक्टर अंजिराच्या ओळीत घातला की फांद्या मोडायच्या, हा मात्र बिनबोभाट खालून जायचा. मुंबईतलं एक परदेशी कुटुंब देश सोडताना सामान विकत होतं, त्यांच्याकडून दादांनी तो घेतला असं आत्या सांगते. केवढ्याला, ते तिने अजून सांगितलेलं नाही. "तेवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या," एवढंच म्हणते.

दादा गेले, बाग विकली, ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला. गेल्या दिवाळीनंतर मी तो टेम्पोत घालून कोथरूडला आणला. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "याला आरटीओ पासिंग आहे का?" तेव्हापासून आमचे संबंध जेमतेमच आहेत.

तर यंत्र असं: इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२४. हे मॉडेल १९६७ ते १९६९ या काळातलं, कारखाना अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा. इंजिन कोहलर के-३०१, एक सिलिंडर, पेट्रोल, १२ हॉर्सपॉवर, साधारण ४७६ सीसी. (हो, तेच कोहलर, नळ आणि कमोडवाले. प्लंबरला सांगितलं तर त्याला मी चेष्टा करतोय असं वाटलं.) गिअरबॉक्सपर्यंत पट्टा नाही, सरळ शाफ्ट जातो. स्टार्टर आणि डायनॅमो मिळून एकच डबा, तो पट्ट्यावर. एकाच डब्याने सुरूही करायचं आणि बॅटरीही चार्ज करायची.

आतापर्यंत केलेलं काम: टाकीत बारीक खडी आणि पेट्रोल घालून खळखळून धुतली. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. प्लग नवा, बॅटरी नवी, ऑइल बदललं, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क) घासून २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप ठेवला. पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग पूर्ण झालंय, आणि ते मात्र झकास झालंय.

दुखणं असं. थंड असताना दोन-तीन फेऱ्यांत सुरू होतो. पंधरा-वीस मिनिटं गुण्यागोविंदाने चालतो. मग मिसफायर व्हायला लागतो, दोनदा फटफट करतो आणि बंद. त्यानंतर कितीही स्टार्टर मारा, काही उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं असा पुन्हा सुरू.

ओळखीच्या एका मेकॅनिकने गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघितलं. ५५ पीएसआय. "साहेब, बोअर गेलंय, सिलिंडर आतून झिजलंय. ब्लॉक काढा, बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू." आकडा ऐकून मलाही पटलं. पण पिस्टन अमेरिकेतून मागवायचा, त्यावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी, आणि एवढं करून दुखणं भलतंच निघालं तर? शिवाय धूर फारसा नाही, ऑइलही खात नाही. बोअर गेलं असतं तर ऑइल प्यायला नसता का?

इंजिन उघडू का? आणि उघडायचं नसेल तर आधी काय तपासू? पुढच्या टायरना भेगा पडल्यात. रिम ८ इंची आहे, रिक्षाचा टायरही ८ इंचीच असतो. बसेल का?

लेथ_आणि_मी

बोअरिंग करून टाका. पन्नास वर्षांचं इंजिन आहे, कधीतरी करावंच लागणार. भोसरीत चांगलं करून देणारे आहेत. लोकल पिस्टन टर्न करूनही बसवता येतो.

खडकीचा_निवृत्त

थांबा हो. ब्लॉकला हात लावू नका.

मी आयुष्यभर डिझेल इंजिनांत काम केलं, पण लहान पेट्रोल इंजिनांचा नाद जुना आहे. या कोहलरमध्ये एक गंमत आहे, ती माहीत नसली की माणूस हमखास फसतो. कॅमशाफ्टवर दोन छोटी वजनं असतात. इंजिन स्टार्टरवर हळू फिरत असतं तेव्हा ती एक्झॉस्ट वॉल्व्ह जरासा उचलून धरतात, म्हणजे स्टार्टरवर ताण येत नाही. साधारण ६५० आरपीएमच्या पुढे गेलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि वॉल्व्ह पूर्ण बसतो. आता मला सांगा, स्टार्टर मारून गेज लावलं तर आकडा कमीच येणार ना? ५५ बघून बोअर मारणं म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी बघून त्याला आयसीयूत टाकण्यासारखं.

खरी परीक्षा अशी. किल्ली बंद, प्लग जागेवर, प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. पुढची पुली हाताने, स्टार्टर फिरवतो त्याच्या उलट दिशेने फिरवा. उलट फिरवताना पॉवर स्ट्रोकमधली हवा दाबली जाते, आणि तिथे ती वजनं मध्ये येत नाहीत. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर पुली अडेल आणि हाताला उलटा झटका देईल. सहज गरगर फिरली, तर मेकॅनिकचं म्हणणं ऐकू.

ऑइल खात नाही हे तुम्ही बरोबर टिपलंत. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, याला बोअरखेरीज तीन कारणं असतात. कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गरम झाला की ठिणगी द्यायचं बंद करतो. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असतं, आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. किंवा एक्झॉस्टचा टॅपेट (वॉल्व्हला खालून ढकलणारा दांडा) टाइट असतो, म्हणजे मधली फट कमी असते, मग गरम झाल्यावर वॉल्व्हचा दांडा लांबतो आणि तो पूर्ण बसतच नाही. बंद पडल्याच्या क्षणी तपासाल तरच यातलं कुठलं ते कळेल. अर्ध्या तासाने तपासलंत तर सगळं ठीकच दिसणार.

म्हणून हत्यारं आधी शेजारी मांडून ठेवा. बंद पडला की आधी टाकीचं झाकण उघडा, "सुस्स" आवाज येतो का ऐका. लगेच दुसरा प्लग वायरला लावून बॉडीला टेकवा, स्टार्टर मारून ठिणगी बघा. निळी आणि कडकडीत हवी. लालसर किंवा अजिबात नसेल तर चोर सापडला.

टॅपेट थंड इंजिनवर बघा. इनटेक ८ ते १० थाऊ, एक्झॉस्ट १७ च्या खाली नको. हे साइड वॉल्व्ह इंजिन आहे, त्यामुळे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाखाली मिळतील, हेड काढायची गरज नाही.

आणि एक. पंख्यावरचा पत्रा काढून फिन (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्या) बघितल्यात का? शेडमध्ये पडलेल्या यंत्रात तिथे काय काय निघतं, विचारू नका.

टायरचं म्हणाल तर तुमची रिम रुंद आहे, रिक्षाचा टायर तिच्यावर ताणून बसवावा लागेल. शोभेला ठेवायचा असेल तर बसवा, बागेत चालवायचा असेल तर नको.

जाता जाता: इंटरनॅशनल हार्वेस्टर आपल्याला परकी नाही. १९६३ मध्ये महिंद्राने त्यांच्याशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या शेतांत आला तो त्यातूनच. तुमच्या पिवळ्या पोराचा तो थोरला चुलतभाऊ.

माळीबुवा

निवृत्त काकांनी इंजिनाचं सांगितलंच आहे, मी पेट्रोलचं सांगतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात. यंत्र महिना-महिना उभं राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू द्या. नळी नवी टाका, आजच्या पेट्रोलला चालणारी. माझ्या लॉनमोवरची आतून चिकट झाली होती, तुकडे जेटमध्ये अडकायचे, आणि मी दोन महिने प्लग बदलत बसलो होतो.

पार्किंगमधला_ट्रॅक्टर

काका, पाया पडतो. सकाळी पुली उलटी फिरवली. पहिल्यांदा हळूच, दुसऱ्यांदा जोर लावून, आणि दुसऱ्या वेळी तिने असा झटका दिला की मनगट अजून दुखतंय. इतका आनंद मला मनगट दुखल्याचा कधी झाला नव्हता.

पंख्याचा पत्रा काढला. आत कुंभारीण माशीची मातीची घरटी, एक-दोन नाही, सात. फिनच्या मधल्या फटी अर्ध्याअधिक बुजलेल्या. त्याखाली उंदराने कातरलेली सुतळी. आतून असा आणि वरून मी चकाचक रंग मारला होता.

एक्झॉस्टचा गॅप १२ थाऊ निघाला, म्हणजे टाइट. साडेतीन सुताचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दोन पाने लागले, एक पातळ घासून घ्यावा लागला. १८ वर आणून ठेवला.

मग सुरू केला. अठरा मिनिटांनी नेहमीसारखा मेला. झाकण उघडलं, सुस्स वगैरे काही नाही. ठिणगी बघितली, तर जवळपास नाहीच. कॉईलला हात लावला आणि चटका बसला.

आता कंडेन्सर बदलू की कॉईल? आणि इथे मिळेल काय?

खडकीचा_निवृत्त

दोन्ही बदला, दोन्ही स्वस्त आहेत. अमेरिकेला जायची गरज नाही. नाना पेठेत जुन्या गाड्यांच्या पार्टवाल्याकडे प्रीमिअर पद्मिनीची कॉईल आणि कंडेन्सर मागा. कॉईल १२ व्होल्टची, बाहेरून रेझिस्टन्स न लागणारी घ्या, हे दुकानदाराला दोनदा सांगा. कंडेन्सरची क्लिप बसणार नाही, पत्र्याची पट्टी वाकवून करा. नंतर टायमिंग पुन्हा जुळवा: फ्लायव्हीलवरची एस खूण बघायच्या भोकासमोर आली की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागला पाहिजे.

आता एक प्रश्न, प्रामाणिकपणे उत्तर द्या. कार्बोरेटर, वायरिंग वगैरे काम करताना किल्ली चालू ठेवून बसायची सवय आहे का?

पार्किंगमधला_ट्रॅक्टर

...आहे. का?

खडकीचा_निवृत्त

वाटलंच. इंजिन थांबलेलं, किल्ली चालू, आणि पॉइंट जर मिटलेला असेल तर कॉईलमधून तीन-चार अँपिअर सतत वाहत राहतात. चाळीसएक वॅटचा हीटर झाला तो. आतलं इन्सुलेशन भाजून निघतं. थंड असताना कॉईल कशीबशी काम करते, गरम झाली की हात वर. दादांच्या हाती चाळीस वर्षं टिकलेली कॉईल तुम्ही चार महिन्यांत घालवलीत असं दिसतंय.

पार्किंगमधला_ट्रॅक्टर

मान्य. आत्याला हे सांगणार नाही.

पद्मिनीची कॉईल रविवारी बसवली. कंडेन्सर, नवी नळी, सगळं. पन्नास मिनिटं चालवला, चेअरमनसाहेब दोनदा गॅलरीत येऊन गेले, पण यंत्र काही बंद पडलं नाही. शेवटी मीच किल्लीने बंद केला. ठिणगी निळी आहे.

आता फक्त एक राहिलं. इंजिन सुरू असताना अँमीटरचा काटा उणेतच असतो, बॅटरी चार्ज होत नाही. रेग्युलेटर गेला का? पूर्वी, म्हणजे रंगकामाच्या आधी, काटा थोडा अधिकमध्ये जायचा असं आठवतंय.

लेथ_आणि_मी

बोअरिंगचं मी मागे घेतो. रेग्युलेटर मात्र बदलावाच लागेल.

खडकीचा_निवृत्त

"रंगकामाच्या आधी." उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. इंजिन चालायच्या आधी रंग लावणारे तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नाही. या रेग्युलेटरला अर्थिंग त्याच्या बुडातून, बोल्टमार्फत बॉडीला मिळतं. तिथे आता तुमचा सुंदर पिवळा रंग आहे. बोल्ट काढा, बुडाखाली आणि बोल्टाच्या भोकाभोवती लखलखीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, पुन्हा कसा. रेग्युलेटर विकत घेण्याआधी एवढं करून बघा.

पार्किंगमधला_ट्रॅक्टर

खरवडलं. जीव तुटत होता, पण खरवडलं.

काटा अधिकमध्ये गेला.

आता पुढच्या बंपरचा एक बोल्ट आटे गेल्यामुळे गोल फिरतोय. तीन सुती, इंचाला सोळा आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) कुणाकडे असेल तर एक दिवसासाठी द्या. बोहरी आळीत दोन दुकानांत मिलिमीटरचेच दाखवले. येत्या बुधवारी जुन्या बाजारात बघणार आहे, कुणी येणार असेल तर सोबत जाऊ.