कटिंगच्या खुर्चीत बीपीची गोळी: तुम्हाला काय वाटतं?

चौकस:
लॉस एंजेलिसच्या 52 सलूनमध्ये बीपी वाढलेल्या 319 कृष्णवर्णीय पुरुषांवर केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. काही दुकानांत फार्मासिस्ट यायचा, बीपी मोजायचा आणि डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार तिथेच गोळी लिहून द्यायचा. बाकीच्या दुकानांत बार्बर 'खाणंपिणं सांभाळा, डॉक्टरला दाखवा' एवढंच सांगायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला, दुसऱ्याचा 9 ने. 'पुरुष दवाखान्यात येतच नाहीत' म्हणून बोटं मोडण्यापेक्षा दवाखानाच सलूनमध्ये न्या, असं माझं मत.

उंटावरचा_शहाणा:
असहमत. आकडा उतरवला तो गोळीने, सलूनची उगाच आरती कशाला? आणि विमा नाही, दोन पाळ्यांची नोकरी, त्याचं काय? संशोधनाचा निधी आटला की फार्मासिस्ट गाशा गुंडाळणार.

चौकस:
गोळी घेतली कोणाच्या भरवशावर? अलाबामातल्या टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने 1932 ते 1972 सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं 'अभ्यासलं', पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. तिथे पांढऱ्या कोटापेक्षा वर्षानुवर्षांचा बार्बर जवळचा वाटला तर नवल काय!

जर्सीकर:
दोघांचंही अर्धंच पटतं. लॉस एंजेलिसचा प्रयोग करणाऱ्या डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनीच आधी डॅलसमध्ये बार्बरकडूनच बीपी मोजून घेऊन गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे पाठवून पाहिलं होतं (निष्कर्ष 2011 चे). विश्वास तेव्हाही होताच की, तरी फरक थोडाच पडला. आमच्याकडे गणपतीत आरोग्य शिबिर असतं. काका लोक पंगतीतून उठून हात पुढे करतात, 160 दिसलं की 'आज श्रीखंड जास्त झालं' म्हणतात, चिठ्ठी खिशात आणि खिसा धुण्यात. खरी मेख जागेवर औषध मिळण्यात आहे. दक्षिण आशियाई पुरुषांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, म्हणून आपल्या मंडळांनीही हे मनावर घ्यावं.

उंटावरचा_शहाणा:
म्हणजे माझंच म्हणणं. निधी संपल्यावर जागेवर औषध देणार कोण?

चौकस:
लॉस एंजेलिसमध्ये पुढच्या सहा महिन्यांत फार्मासिस्टच्या भेटी कमी केल्या, तरी वर्षाअखेर बीपी आटोक्यात होतं. हेही वाचा की राव.

उंटावरचा_शहाणा:
वाचलंय. कमी केल्या, बंद नाही केल्या. फार्मासिस्टचा पगार विमा कंपनी द्यायला लागली की मला हाक मारा.