‘क्लोज फ्रेंड’ म्हणजे नेमकी किती जवळची?

माजघर
परवा भाचीने मैत्रिणीची ओळख करून दिली. “मामा, ही माझी एकदम क्लोज फ्रेंड.” मी विचारलं, “का, सुट्टी आहे का हिला आज?” भाचीने कपाळाला हात लावला. पण मुद्दा गंभीर आहे. इंग्रजीत या एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार आहेत. दुकान बंद करायचं तर शेवटी ‘जोरा’तल्या ज सारखा आवाज. जवळचं म्हणायचं असेल तर शेवटी चक्क स, म्हणजे ‘क्लोस’. क्रिकेटच्या एकाच दिवसात दोन्ही भेटतात: एकनाथ सोलकर हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा राहायचा तो ‘क्लोस-इन’ फिल्डर, आणि संध्याकाळी खेळ थांबला की ‘क्लोज ऑफ प्ले’. आपण सगळीकडे ज ठोकून मोकळे. जिवाभावाची, खास, जिवलग असे शब्द घरात असताना हा अर्धवट पाहुणा कशाला?

दोन टाके
उच्चाराचं कौतुक राहू द्या. लॉर्डचा आपण ‘लाट’ केला, तेव्हा कोणी साहेबाला विचारायला गेलं नव्हतं. आणि तुमचा ‘बंद’चा विनोद अंगाशी येतोय, कारण दोन्हींचं मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे, ‘क्लाउसुस’ म्हणजे बंद केलेलं. चार भिंतींत कोंडलं की माणसं एकमेकांना खेटणारच, तिथून हा शब्द जवळिकीकडे सरकला. पावसाआधी हवा कोंदट झाली तर इंग्रज आजही तिला ‘क्लोस’ म्हणतो.

आता खरा मुद्दा. जवळचे नातेवाईक म्हणजे रक्ताचे, सुतक लागणारे. माझे सख्खे काका जवळचे आहेत, पण आम्ही क्लोज नाही. हे वाक्य ‘क्लोज’ न वापरता म्हणून दाखवा.

माजघर
त्यात काय? “नातं जवळचं, पण जवळीक नाही.”

दोन टाके
वा! आता ऑफिसात सांगून बघा की तुमची आणि अकाउंट्सच्या बाईंची जवळीक आहे. दुपारच्या चहापर्यंत घरी फोन गेलेला असेल.

माजघर
मग घरोबा म्हणा.

दोन टाके
घरोबा दोन कुटुंबांचा असतो. गूळपीठ म्हटलं की काहीतरी शिजतंय असा वास येतो. लगट तर नकोच. दोघांचं मनापासून जमतं, बाकी काही नाही, एवढंच सांगणारा साधा शब्द हवाय. तरुण मुलांनी तो शोधला, तर बिघडलं कुठे?

उपसंपादिका
वीस वर्षं इंग्रजी बातम्या मराठीत करतेय, म्हणून मध्ये तोंड घालते. हा शब्द एका मराठी शब्दात कधीच बसत नाही, आणि बसवूही नये. सामना ‘क्लोज’ झाला तर तो अटीतटीचा. ट्रक अंगावरून जाता जाता राहिला तर ‘थोडक्यात बचावले’. ‘क्लोजली’ बघितलं तर बारकाईने. नवशिके सगळीकडे ‘जवळून’ लिहितात आणि मग “पोलीस परिस्थितीकडे जवळून पाहत आहेत” असं छापून येतं.

‘निअर’ची तऱ्हा आणखी वेगळी. मुळात त्याचाच अर्थ ‘अधिक जवळ’ असा होता. जुन्या इंग्रजीत नाय, निअर, नेक्स्ट अशी चढती भाजणी होती: जवळ, अधिक जवळ, सगळ्यात जवळ. म्हणून तर मृत्यूनंतर कळवायचं माणूस ‘नेक्स्ट ऑफ किन’. पण मित्राला ‘निअर’ लावत नाहीत.

आपलं ‘जवळ’ही कमी नाही हं. “माझ्याजवळ पैसे नाहीत” यात अंतराचा काय संबंध? “बाळाला जवळ घे” म्हणजे छातीशी धर. “त्याने मृत्यूला जवळ केलं” हे तर विचारूच नका. दोन टाके, तुमचं काकांचं वाक्य मी “काका सख्खे, पण मनातलं सांगावं असे नव्हेत” असं लिहीन. लांब होतं, कबूल. मथळ्यात मावणार नाही.

दोन टाके
मथळ्यात नाही आणि भाचीच्या तोंडातही नाही. ती हे कशाला म्हणेल?

खारेदाणे
काका-मावशी लोक, इन्स्टाग्रामवर २०१८ पासून ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी करता येते. त्यातल्यांनाच दिसणारी स्टोरी टाकली की फोटोभोवती हिरवं कडं येतं. माझी आत्या मला फॉलो करते, पण त्या यादीत नाही. आई पण नाही. दोघी जवळच्याच आहेत, म्हणूनच नाहीत! म्हणजे ती यादी बाकीच्यांना दार बंद करायलाच आहे. लॅटिनवाले बरोबर बोलतायत.

माजघर
भाचीला आत्ताच मेसेज केला, त्या यादीत मी आहे का म्हणून. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.