मदत हवी आहे: ऐकू कमी येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलाखतीसाठी माइक कसे लावावेत?

नमस्कार मंडळी,

लालबागच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही रेडिओसाठी जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घेतोय. १९८२ चा संप ज्यांनी सोसला ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना पुन्हा पुन्हा जिने चढायला लावणं बरं नाही, पहिल्याच बैठकीत आवाज नीट यायला हवा.

खोली १० बाय १२. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर दोघं पाहुणे शेजारी शेजारी. प्रत्येकापुढे कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त उचलणारा) कंडेन्सर माइक; हा नाजूक आवाजही टिपतो, पण त्याला वीज लागते. ती ४८ व्होल्ट वीज, म्हणजे फँटम, मिक्सरमधूनच.

साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटात हयात गेलेली ही माणसं. मी प्रश्न विचारला की आजोबा बरा कान माझ्याकडे करतात आणि तोंड जातं भिंतीकडे. तसंच बोलायला लागतात, त्यामुळे पहिलं वाक्य पुसट. मग मॅनेजरचा, मुकादमाचा विषय निघाला की पुढे सरसावून असे बोलतात की लेव्हल लाल! शिवाय एकाचा आवाज शेजारच्या माइकमध्ये किंचित उशिरा शिरतो आणि मिक्स केल्यावर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. पंखा, एसी बंद ठेवतो. हॉर्नचं काय करणार?

दोन माइकमधलं अंतर तोंडापासून माइकच्या अंतराच्या तिप्पट हवं, हे माहीत आहे. पण पाहुणे मागे रेलले की ते गणित कोलमडतं. शुअर एसएम५८ सारखे डायनॅमिक (कमी संवेदनशील, फँटम न लागणारे) माइक घ्यावेत का? ते तोंडाजवळ लागतात आणि बरेच जण त्याने बिचकतात. कॉलर माइक मान वळली तरी सोबत राहील, पण सदऱ्याची खसखस येते. की हेडफोन देऊ, म्हणजे प्रश्न ऐकायला मान वळवावीच लागणार नाही?

प्रतिसाद:

दादा, खरेदीआधी खुर्च्या हलवा. बरा कान कोणता ते विचारून त्याच बाजूला, टेबलाच्या कोपऱ्याशी बसा. माइक तुमच्या दोघांच्या मधे, म्हणजे ते तुमच्याकडे बघून बोलले तरी माइकसमोरच राहतील. दोघं पाहुणे शेजारी नकोत, समोरासमोर बसवा: कार्डिऑइड पाठीमागचं सर्वांत कमी उचलतो, म्हणून एकाच्या माइकची पाठ दुसऱ्याकडे येऊ द्या. तिन्ही ट्रॅक वेगळे घ्या. गप्प असलेल्याचा माइक एडिटला खाली आणता येतो.

डायनॅमिक घेतलेत तर चार बोटांवर, तोंडाच्या जरा बाजूने. हॉर्न नक्की कमी येतील. हेडफोनची कल्पना चांगली आहे, पण श्रवणयंत्रावर चढवले तर शिट्टी वाजू शकते. यंत्र काढायला त्यांची तयारी असेल तरच द्या, आणि आवाज अगदी सावकाश वाढवा.