कर कमी म्हणजे उपचार स्वस्त?
(ताळेबंद, खुलीबाजू आणि दरपत्रक या तीन टोपणनावांमधली चर्चा)

ताळेबंद
अमेरिकेत कर कमी, म्हणून तिथल्या नोकरदाराच्या हातात जास्त उरते, हा हिशेब अर्धवट आहे. विम्याचा हप्ता करात मोजलाच जात नाही. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ पगारातून कापले जातात. उरलेले मालक भरतो, पण त्याच्या वहीत तोही पगाराचाच खर्च. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचे कर्मचारी आणि मालक दोघांचे पगाराच्या १.४५-१.४५ टक्के वेगळेच.

जर्मनीत २०२५ साठी सार्वजनिक विम्याची वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, वर सरासरी २.५ टक्के जादा. कपातीआधीचा पगार महिना ४,००० युरो असेल तर कर्मचाऱ्याचे ३४२ आणि मालकाचे ३४२. न कमावणारा जोडीदार आणि मुले त्यातच येतात.

खुलीबाजू
हप्त्याला कर म्हणणे मला मान्य नाही. जास्त डिडक्टिबलची (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायच्या रकमेची) योजना घेतली की हप्ता उतरतो आणि आरोग्य बचत खात्यात करमुक्त पैसे साठवता येतात (२०२४ मध्ये कुटुंबाला ८,३०० डॉलरपर्यंत). करात अशी निवड कुठे असते? शिवाय प्रतीक्षेची किंमत तुमच्या हिशेबात नाही. इंग्लंडमध्ये ९२ टक्के रुग्णांवर १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा निकष आहे. २०१६ नंतर तो एकदाही पाळला गेलेला नाही. ज्याला थांबणे परवडत नाही तो खासगीत जातो, म्हणजे कर भरून पुन्हा बिल भरतो.

ताळेबंद
निवड मालकाने पुढे ठेवलेल्या दोन-तीन योजनांतली असते. रुग्णाने खिशातून करायच्या खर्चाची वार्षिक कमाल मर्यादा (२०२४ मध्ये एका व्यक्तीला ९,४५० डॉलर) फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतल्या उपचारांना लागू. हप्ता तिच्या बाहेरच. नेटवर्कबाहेरच्या अनपेक्षित बिलांवर २०२२ पासून बंदी आहे, पण रस्त्यावरची रुग्णवाहिका त्यातून वगळली आहे. आजारी माणूस रुग्णवाहिका निवडत बसत नाही! आणि प्रतीक्षा हा सक्तीच्या वर्गणीचा अटळ परिणाम असता, तर जर्मनीतही इंग्लंडइतक्याच रांगा दिसल्या असत्या.

दरपत्रक
दोघेही वर्गणीच्या मार्गावर भांडताय, मूळ भानगड दरांची आहे. अमेरिकी सरकार आरोग्यावर दरडोई जे खर्च करते, ते ब्रिटनच्या सरकारी आणि खासगी मिळून होणाऱ्या दरडोई खर्चापेक्षाही जास्त आहे. म्हणजे अमेरिकी माणूस कर भरतोच, वर हप्ताही भरतो. तीच बिले उद्या करातून भरली तर प्रशासकीय खर्च थोडा वाचेल, रुग्णालयांचे दर तसेच राहतील. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषधांच्या किमतींवर घासाघीस करायला मनाई केली होती. २०२२ च्या कायद्याने ती अंशतः उठली, आणि पहिल्या १० औषधांचे नवे दर २०२६ पासूनचे.

खुलीबाजू
दरांचा मुद्दा मान्य. पण मग एकूण कराची टक्केवारी समोरासमोर ठेवणेही सोडा. जर्मन पगारातून होणाऱ्या कपातीत निवृत्तिवेतनाची वर्गणीही असते, मालकाचा वाटा धरून १८.६ टक्के, अमेरिकेत सामाजिक सुरक्षेची १२.४. दोन्हीकडून ती वजा करा, आकडे विनिमय दराने नव्हे तर क्रयशक्तीने बदला, आणि एकच कुटुंब दोनदा मोजा: निरोगी वर्षात आणि शस्त्रक्रियेच्या वर्षात. निरोगी वर्षात तरुण, एकट्या, भरपूर पगाराच्या अमेरिकी माणसाच्या हातात जास्त उरते, यावर मी ठाम आहे.

ताळेबंद
तरुण आणि एकटा असेपर्यंत, हो. माझा हिशेब चार जणांच्या कुटुंबाचा आणि शस्त्रक्रियेच्या वर्षाचा आहे.