हीटेड ग्रिप बसवायला कुठलं सोल्युशन? फेविक्विक, एसआर की अरल्डाईट?

पन्हाळा_ते_स्पिती
मंडळी, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ बाईकला हीटेड ग्रिप, म्हणजे आतल्या तारेने तापणाऱ्या हँडलच्या मुठी, बसवायच्या आहेत. ऑक्टोबरात हिमाचलातल्या थंडगार स्पितीची सफर आहे, त्याआधी काम उरकायचंय. ग्रिप आल्यात, पण त्यासोबत आलेली गोंदाची नळी फुटून खोक्यातच वाळून गेलीय. आता जो तो वेगळं सांगतोय. हार्डवेअरवाला म्हणतो फेविक्विक टाका आणि विसरा. गॅरेजवाला म्हणतो अरल्डाईट. एक मित्र म्हणतो कोल्हापुरात सुभाषनगरच्या चपलावाल्यांकडून सोल्युशन आण, तळ निघत नाही तर मूठ काय निघणार. चौथा म्हणतो इंजिनचं सिलिकॉन लाव, ते उष्णतेला टिकतं.

प्रश्न दोन. एक, यातलं नक्की काय वापरू? दोन, पुढे कधी ग्रिप काढायची वेळ आली तर ती फोडल्याशिवाय निघेल असं काही आहे का? सध्या बाहेर पावसाची झिम्माड चालू आहे, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

उद्यमनगर_फिटर
भावा, आधी एक गोष्ट समजून घे, मग गोंद आपोआप ठरतो. साधी रबरी मूठ ताणली जाते आणि हँडलला आवळून बसते. हीटेड ग्रिपच्या आत कडक प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यावर कॉइल आणि वर रबर. ती ताणत नाही. म्हणजे पकड सगळी गोंदावर, आणि गोंदाला किती फट भरायची आहे यावर.

ताकदीची काळजी करू नकोस. २२ मिमीचं हँडल, १२० मिमी लांब मूठ, म्हणजे चिकटायला सुमारे ८३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. गोंदाने प्रत्येक चौरस मिलिमीटरला न्यूटनचा फक्त दहावा भाग इतकाच जोर धरला, तरी मूठ फिरवायला साधारण ९ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. मनगटाचा जोर त्याच्या आतच राहतो. कुठलाही बरा गोंद याच्या कितीतरी पट धरतो. मग मुठी सुटतात का? गोंद नीट चिकटतच नाही, नाहीतर गरम झाल्यावर मऊ पडतो, नाहीतर आत वाळतच नाही. तुझ्या यादीतला एकेक गोंद या तीन कसोट्यांवर बघ.

सिलिकॉन: उष्णता २०० अंशांच्या पुढेही सोसतं, तिथं वाद नाही. पण ते हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत असं घट्ट होतं, दिवसाला दोन-तीन मिमी. मुठीच्या आत हवा फक्त दोन टोकांनी शिरणार. मधलं सिलिकॉन आठवडेच्या आठवडे ओलं राहतं, आणि ओलं सिलिकॉन म्हणजे ग्रीसच की. वर ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांब्याच्या वायरीला खातं. नको.

अरल्डाईट: लोकांना वाटतं इपॉक्सी म्हणजे उष्णतेला राजा. भट्टीत घट्ट केलेलं असेल तर खरं. खोलीच्या तापमानात घट्ट होणारं साधं दोन नळ्यांचं इपॉक्सी ६०-७० अंशांला स्वतःच मऊ पडायला लागतं, पाच मिनिटांवालं तर त्याच्याही आधी. आणि थंड असताना ते इतकं कडक असतं की मूठ काढायची म्हणजे फोडायचीच. दोन्हीकडून तोटा.

चपलाचं सोल्युशन: इथं दोन प्रकार आहेत आणि इथंच लोक फसतात. तळ चिकटवायला जे पीयू (पॉलियुरेथेन) वापरतात ते आधी लावून वाळवतात, मग ६०-७० अंशांला गरम करून दाबतात. म्हणजे गरम झालं की मऊ होणं हाच त्याचा स्वभाव. हार्डनर न घालता ते हीटेड ग्रिपला लावलंस तर पहिल्या थंड सकाळी तिसऱ्या लेव्हलला मूठ हातात फिरेल. दुसरा प्रकार पिवळसर सिंथेटिक रबरवाला, म्हणजे फेविकॉल एसआर ९९८, एसआर ५०५, फेविबॉन्ड या जातीचा. तो चालतो. माझं मत डाव्या मुठीसाठी हाच.

सायबर_चौक_४११
फिटरदादांच्या मताला पुस्ती जोडतो. फेविक्विकला सरसकट नावं ठेवायची गरज नाही. काही कंपन्या ग्रिपसोबत जो गोंद देतात तोही त्याच जातीचा असतो, सायनोअॅक्रिलेट. ८० अंशांपर्यंत टिकतो आणि मुठीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान पूर्ण हीटवरही ५० च्या आसपासच असतं. आत कॉइलजवळ जास्त असतं, तरी ८० च्या खाली.

त्याची अडचण वेगळी आहे. तो पातळ असतो, ०.१ मिमीपेक्षा मोठी फट असेल तर भरत नाही. ठिसूळ असतो, सिंगल सिलिंडरच्या थरथरीत तडकतो. आणि पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की मूठ अर्धी गेली की तिथंच घट्ट होतो. पुढेही नाही, मागेही नाही. शिवाय छोट्या पुडीत अर्धा ग्रॅमच असतो, एका मुठीला तीन-चार पुड्या लागतात आणि तेवढ्या फोडेपर्यंत पहिली वाळते.

या जातीतलं वापरायचंच असेल तर रबर मिसळलेलं काळं घ्या, लॉकटाइट ४८० सारखं. ते साध्यापेक्षा सावकाश धरतं आणि धक्के सोसतं. महाग आहे, पण एका बाटलीत दोन्ही मुठी होऊन उरतं.

पन्हाळा_ते_स्पिती
लई आभार. व्हर्नियर लावून बघितलं. डावीकडे हँडल २२.२, ग्रिपचं आतलं माप २२.४. उजवीकडे अॅक्सिलेटरच्या प्लॅस्टिक नळीवर उभ्या रेघा आहेत, त्यामुळे ग्रिप जातच नाही. ठोकून घालू का? आणि डाव्या बाजूला हीट-श्रिंक ट्यूब (तापवली की आकसून बसणारी प्लॅस्टिक नळी) चढवावी असं कुठंतरी वाचलं, म्हणजे स्टीलचं हँडल उष्णता ओढत नाही म्हणे.

उद्यमनगर_फिटर
ठोकायचं नाव काढू नकोस. आतली कॉइल तुटली तर ग्रिप भंगारात.

उजवी बाजू: त्या रेघा मूळ रबरी मुठीला अडवायला दिलेल्या असतात, त्या काढाव्याच लागतात. कानस किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर. नळीचं बाहेरचं माप साधारण २५ येतं, तुझ्या ग्रिपचं उजवं आतलं माप बघून तेवढंच उतरव. नळीची भिंत मुळात दीड मिमीच्या आतबाहेर असते, जास्त खाल्लंस तर दाबून अंडाकृती होईल आणि अॅक्सिलेटर अडकेल. उद्यमनगरात लेथवर दोन मिनिटांचं काम आहे, पण आत २२ मिमीचा रॉड घातल्याशिवाय चकमध्ये धरू देऊ नकोस.

हीट-श्रिंक: कल्पना बरोबर आहे. डावी मूठ उजवीपेक्षा गार लागते त्याचं कारण स्टीलचं हँडलच, उजवीकडे मध्ये प्लॅस्टिक असतं. पण तुझी फट व्यासावर ०.२ मिमी, एका बाजूला ०.१. ट्यूबची भिंत याच्या कितीतरी जाड, ग्रिप चढणारच नाही. चढली असती तरी ती ट्यूब पॉलिओलेफिन नावाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकची, तिला एसआर नीट धरत नाही. मूठ ट्यूबला चिकटेल आणि ट्यूब हँडलवर फिरेल. सोडून दे. इन्सुलेशन टेपही नको, तिचा गोंद गरम झाला की घसरतो.

आता काम कसं करायचं ते. उजवी नळी गाडीवर असताना चिकटवू नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. स्विचच्या डब्याचे स्क्रू काढ, केबलच्या घुंड्या सोडव, नळी बाहेर घे. मूठ चढवताना जादा गोंद आतल्या कडेला, डब्याच्या बाजूला सरकतो. गाडीवर असताना तोच गोंद नळी आणि हँडल यांच्यामध्ये उतरतो आणि अॅक्सिलेटर चिकटतो. पातळ फेविक्विक तर फट दिसली की आत ओढलाच जातो.

नळी काढण्याआधी एकदा कोरडी जुळणी कर. अॅक्सिलेटर बंद ठेव, वायर कुठल्या कोनात बाहेर येते ते बघ. पूर्ण उघडल्यावर वायर ब्रेकच्या लिव्हरला किंवा डब्याला घासता कामा नये. तो कोन मूठ आणि नळी दोन्हींवर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेव. गोंद लागल्यावर जुळवायला वेळ मिळत नाही.

मग दोन्हीकडे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-तिरके ओरखडे. प्लॅस्टिक नळीला तर हे हवंच, गुळगुळीत प्लॅस्टिकला काहीच धरत नाही. ग्रिपच्या आतही बोटाला कागद गुंडाळून फिरव, पण हलक्या हाताने. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसायचं, कापड स्वच्छ येईपर्यंत. पेट्रोलने पुसू नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. थिनर आणि अॅसिटोन स्विचच्या डब्यापासून लांब ठेव, ते प्लॅस्टिक विरघळतं. डब्यावर कागदी टेप मारून घे, एसआरचा थेंब पडला तरी डाग राहतो.

प्रमाण: एका मुठीला दोन-तीन मिली, म्हणजे अर्धा चमचा. ग्रिपच्या आत तोंडाशी बोटभर रुंद कडं, आणि हँडलच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर पातळ थर. तोंडाशी असलेला गोंद मूठ सरकेल तसा पूर्ण लांबीवर पसरत जातो. गोंदाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. इथं ते करायचं नाही. वाळलेला एसआर वाळलेल्या एसआरला टेकला की जागच्या जागी धरतो. ओला असतानाच, वीस-तीस सेकंदांत, फिरवत फिरवत एका दमात चढवायचं. डाव्या बाजूला स्विचच्या डब्यापासून दोन मिमी जागा सोड. उजवीकडे दोन्ही टोकांना तेवढीच, बार-एंड (हँडलच्या टोकाचं वजन) मुठीला घासता कामा नये.

रंकाळा_वायरमन
पावसाचं कुणी नीट बोललं नाही. एसआरमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेत त्यावर पाण्याचा बारीक थर बसतो, गोंद दुधाळ दिसायला लागतो. तसा दिसला तर पुसून काढा, धरणार नाही. शेडमध्ये एक १०० वॅटचा पिवळा बल्ब हँडलजवळ अर्धा तास लावून लोखंड कोमट करून घ्या, मग गोंद. बल्ब बंद करूनच गोंदाचा डबा उघडा, त्याची वाफ पेट घेते.

वाळायला एरवी २४ तास, पावसात ४८. तोपर्यंत बार-एंड लावू नका, कडा उघड्या राहू देत, द्रावण तिथूनच बाहेर पडतं. लवकर वाळावं म्हणून लगेच हीट पूर्ण सुरू करू नका, आत बुडबुडे धरतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या लेव्हलवर दहा मिनिटं, तेही इंजिन चालू ठेवून.

वायरिंगचं थोडक्यात: चार अँपिअरच्या आसपास ओढतात, म्हणजे ५० वॅट. हेडलाइटच्या वायरीतून काढू नका. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूज घेऊन, ८७ ग्रिपला, ८६ पार्किंगच्या वायरीला, ८५ अर्थ. फ्यूज ७.५ अँपिअरचा. आयडलवर मल्टिमीटर १३ व्होल्टच्या खाली जात असेल तर घाटात ट्रॅफिकला थांबल्यावर ग्रिप बंद ठेवायची सवय लावा. उजव्या वायरीला अॅक्सिलेटरच्या फिरण्याइतका सैल झोल हवा, टाय मारताना लोक तो खाऊन टाकतात आणि काही महिन्यांत वायर तोंडाशी तुटते.

सायबर_चौक_४११
पन्हाळा भावा, आता तुझं माप कळलं म्हणून नेमकं सांगतो. डावीकडे एका बाजूला ०.१ मिमी फट, स्टीलवर: एसआर ९९८. उजवीकडे रेघा उतरवल्यावर फट कमी-जास्त येणार, कुठं ०.१, कुठं ०.३, कारण कानसीने एकसारखं उतरत नाही. तिथंही एसआरच, पण दोन थर. पहिला पातळ थर नळीवर लावून पूर्ण वाळू दे, तासभर. चढवताना त्यावर ओला थर. पहिला थर ओरखड्यांत मुरतो आणि फट भरतो. लेथवर एकसारखं उतरवून आणलंस तर काळं ४८० पण चालेल.

काढायचं विचारलं होतंस. एसआरचा हा फायदा आहे. ग्रिप पूर्ण हीटवर पंधरा मिनिटं ठेवायच्या, वरून हेअर ड्रायर, मग दोन्ही हातांनी पिळत ओढायचं. ड्रायरने आणखी तापलं की एसआर नरम पडतो. मुळीच हलली नाही तर आतल्या कडेने अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघायची. हवेच्या पाइपने साधी मूठ निघते तशी ही निघत नाही, रबर फुगेल पण आतली नळी कडक आहे.

पन्हाळा_ते_स्पिती
म्हणजे हीटनेच निघते तर चालवताना सुटणार नाही ना?

उद्यमनगर_फिटर
चालवताना फक्त ग्रिपची स्वतःची हीट असते आणि वरून गार वारा. काढताना ड्रायरची जादा हीट आणि दोन्ही हातांचा जोर. तरी खात्री करून घे: ४८ तासांनंतर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू, सगळ्यात वरच्या लेव्हलवर पंधरा मिनिटं. मग गरम असतानाच हातमोजे घालून दोन्ही मुठी जेवढ्या जोरात पिळता येतील तेवढ्या पीळ. मार्करची रेघ हँडलवरच्या रेघेपासून केसभरही सरकली नाही तर झालं. सरकली तर काढून पुन्हा, वरून फेविक्विक ओतू नको.

त्यानंतर इंजिन बंद करून हँडल डावीकडे पूर्ण वळव, अॅक्सिलेटर उघडून सोड, खाडकन परत यायला पाहिजे. उजवीकडे वळवून तेच. मुठीवर दोन-तीन मिमी मोकळी चाल ठेव. हे झाल्याशिवाय शेडच्या बाहेर काढू नको गाडी.