पहिला वाढदिवस की प्रथम वर्धापनदिन?

नौपाडेकर: येत्या महिन्यात आमच्या नातवाला वर्ष पूर्ण होत आहे. घरच्याच माणसांना बोलावायचे असले, तरी बाळाच्या पणजोबांनी पत्रिकेचा मजकूर स्वहस्ते लिहून त्यात 'प्रथम वर्धापनदिन' असे घातले आणि छापखान्यातील मुलाने "आजोबा, संस्थेचे नाव राहिले का?" असे विचारले. सूनबाईंना 'पहिला वाढदिवस' हवा आहे. व्याह्यांच्या मते जन्मला तोच पहिला दिवस, म्हणून 'वर्षपूर्ती' लिहावे. मजकूर शनिवारी द्यायचा आहे.

ऐरोलीकर: वर्धापनदिन पतपेढीचा, वृत्तपत्राचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा असतो, बाळाचा वाढदिवसच असतो. यात चर्चा करण्यासारखे काय आहे, ते मला कळले नाही.

तलावपाळी: कळण्यासारखे पुष्कळ आहे. वर्धापन हा मुळात माणसाच्या जन्मतिथीचा विधी आहे. त्यात मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे पूजन करून तीळ व गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यायचे असते. संस्थांनी हा शब्द पुढे उचलला, म्हणून मूळ मालकाने तो सोडून द्यावा काय? पणजोबांचेच बरोबर आहे.

ऐरोलीकर: शास्त्राद् रूढिर्बलीयसी. तुमच्या मूळ मालकाला अजून दात यायचे आहेत.

नेरूळच्या काकू: 'वर्षपूर्ती' मात्र लिहू नका. व्याह्यांचे गणित चुकीचे नाही, परंतु आमच्या पिढीच्या कानाला त्यात वर्षश्राद्ध ऐकू येते. 'वाढदिवस' शब्दातही गंमत आहेच. गेल्या वर्षी नातीच्या केकपुढे माझ्या सासूबाई "आता मेणबत्ती वाढवा" म्हणाल्या, तेव्हा माझ्या सुनेने खणातून दुसरी मेणबत्ती काढून शेजारी लावली. सासूबाईंना अभिप्रेत होते विझवणे. शुभ प्रसंगी ज्योत विझवा, असे त्यांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. फुंकर घालणे तर त्यांना मुळीच मान्य नव्हते, पण तोवर नातीने फुंकर घातली होती आणि बरीचशी थुंकी केकवर गेली होती.

तलावपाळी: काकूंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, दिवा वाढवतात. याला आपण अशुभ टाळण्यासाठी योजलेला शब्द मानतो. परंतु संस्कृतात 'वर्ध्' धातूला कापणे असाही अर्थ आहे, त्यावरूनच सुतार हा 'वर्धकी' आणि हिंदीत 'बढई' झाला. 'वर्धापन' शब्दाचाही नाळ कापणे असा एक अर्थ कोशात आढळतो. तेव्हा नारळ वाढवणे म्हणजे सरळ सरळ तो छेदणे, असे माझे मत आहे.

ऐरोलीकर: मग दिव्यात छेदण्यासारखे काय असते? आणि निघताना आपण "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो, तिथे कोणता धातू लावणार? अशुभ उच्चारायचे नाही, म्हणून उलटे बोलण्याची आपली ही रीतच आहे. व्युत्पत्ती दोन्हीकडे ओढता येते, म्हणून ती खरी ठरत नाही.

नौपाडेकर: सर्वांचे आभार, परंतु पत्रिकेवर काय छापावे?

नेरूळच्या काकू: आमच्या कोपरखैरण्याच्या शेजारीण नारळ 'फोडला' असेच म्हणतात आणि त्यांचे काही वाईट झालेले नाही. ऐरोलीकर, तुमच्या घरी काय म्हणतात?

ऐरोलीकर: आईसमोर वाढवतो, बाजारात फोडून घेतो.

तलावपाळी: म्हणजे एकाच नारळाला आपण दोन क्रियापदे लावता आणि रूढीचा दाखला मात्र मला देता. बढईचे उत्तर अजून आलेले नाही.